मंजीचा राहिलेला वाटा

त्या वर्षी आंबेखोल गावात भात झकास पिकलं होतं, पण मंजीच्या घरात मात्र कुणाला भूकच लागत नव्हती.

घर डोंगराच्या पायथ्याशी होतं, इवलंसं, कौलांवर भोपळ्याचा वेल चढलेला. घरात मंजी, तिचे बाबा आणि पाळण्यातली ठकू. शिवाय बुंदी नावाची ठिपक्याठिपक्यांची शेळी. तिलाही घरातलंच धरायचं, नाहीतर ती रुसायची. आई नव्हती. श्रावणात आईला ताप आला, नदीला पूर होता, पलीकडचे वैद्यबुवा अलीकडे येऊ शकले नाहीत आणि पूर ओसरायच्या आतच आई गेली. एवढंच सांगते. जास्त सांगायला गेले तर मलाच पुढे बोलवणार नाही.

बाबा बांबूच्या टोपल्या विणत. आई होती तेव्हा ते विणताविणता गुणगुणायचे. आता नुसतेच विणायचे. कधीकधी तर टोपलीला तोंड ठेवायचंच विसरायचे. सगळीकडून बंद टोपली! मग ती उसवत बसायचे. मंजी त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवायची. ते अर्धी खायचे, अर्धी बुंदीला घालायचे आणि "पोट भरला गो," म्हणायचे. मंजीला कळायचं की ते खोटं बोलताहेत.

आणि ठकू! तिचं काय सांगू? गालाला खळी, कपाळावर भुरभुरे केस, मुठी सदा मिटलेल्या. आई गेल्यापासून ती बुंदीच्या दुधावर होती. मंजी कापसाची वात दुधात भिजवून तिच्या ओठांत धरायची आणि ठकू चुटूचुटू चोखायची. पण आता तिचे अन्न खायचे दिवस आले होते. मंजीने मऊमऊ पेज केली, फुंकून फुंकून गार केली, बोटावर घेतली. ठकूने ओठ घट्ट मिटले. बोट आत गेलंच तर फुर्रकन थुंकून टाकायची. मग रडायची, आणि रडून दमली की झोपायची.

शेजारची पारूकाकी एके दिवशी आली, ठकूला उचलून घेतलं आणि दोन्ही हातांवर तोलून पाहिलं.

"काय झाला, काकी?" मंजीने विचारलं.

"पोर हलकी झाली गो," पारूकाकी म्हणाली. "मागल्या आठवड्यात हाताला लागत होती. आता लागतच नाय. नुसत्या दुधावर किती दिवस काढील? अन्नावर आली पायजे बाय, नायतर..."

ती पुढे बोलली नाही. पण मंजी काही कुकुलं बाळ नव्हती. न बोललेलं तिला नीट ऐकू आलं.

नव्याची पुनव जवळ आली होती. आंबेखोलात या पुनवेला नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, पिवळाधमक झेंडू आणि कुरडूचा गुलाबी तुरा यांची सुरेख जुडी करायची आणि ती दाराला, विहिरीला, उखळाला, गाईच्या शिंगाला बांधायची. मग नव्या तांदळाची खीर करायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून खायची. मंजीची आई ती खीर करायची ना, तेव्हा सगळं गाव काही ना काही निमित्त काढून त्यांच्या अंगणात यायचं. कुणाला विळा हवा असायचा, कुणाची कोंबडी हरवलेली असायची. आई हसायची आणि प्रत्येकाच्या हातात द्रोण द्यायची. त्या खिरीत काय असायचं? नवा तांदूळ, गूळ, नारळाचं दूध आणि वर हळदीचं पान. सगळ्यांच्याच खिरीत तेच असायचं. पण आईच्या हाताची चव काही वेगळीच होती.

यंदा मात्र मंजीच्या घरी सण नव्हता. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत दाराला नवं बांधायचं नसतं, चुलीवर गोड चढवायचं नसतं. गावातली पोरं कुरडूचे तुरे गोळा करत हुंदडत होती. मंजीच्या दारावरून जाताना मात्र ती आवाज बारीक करायची. त्या बारीक आवाजाचंच मंजीला जास्त वाईट वाटायचं.

पुनवेच्या आधी मंजी बुंदीसाठी गवत कापायला डोंगरमाथ्यावरच्या पठारावर गेली. शरदातलं ते पठार तुम्ही पाहायला हवं होतं! आभाळ धुतल्यासारखं निळंनिळं, ऊन कोवळं, हवेत चतुरांचे चकाकणारे पंख, आणि जिकडेतिकडे सरत आलेल्या सोनकीची चिमुकली पिवळी फुलं. मंजी विळ्याने सपासप गवत कापत चालली. कापताकापता एका सोनकीच्या झुपक्याशी तिचा हात थांबला. झुपक्यावर मधमाश्या बसल्या होत्या. पठारावरची बाकीची सोनकी सुकायला लागली होती, हा एकच झुपका ताजातवाना होता.

"खा गो बायांनो, पोटभर खा," मंजी पुटपुटली. "तुम्हाला तरी भूक लागते." आणि झुपक्याला वळसा घालून ती पुढचं गवत कापू लागली. भारा लहान झाला तर झाला.

तोच मागून कुणीतरी शिंकलं. बारीकशी, नाजूकशी शिंक! मंजीने वळून पाहिलं. सोनकीच्या फुलावर बोटाएवढी परी बसली होती. झगा पिवळा, पंख चतुराचे, डोक्यावर पिवळ्या पाकळ्यांचा मुकुट, आणि नाकाला परागकण लागलेले.

"सकाळपासून शिंकतेय," परी नाक पुसत म्हणाली. "फुलात राहायचं म्हणजे हे असं असतं. भिऊ नकोस, मंजी. मी सोनकीची परी. तू माझं घर कापलं नाहीस. आता माझ्याकडून काहीतरी घेतल्याशिवाय तुला जाता येणार नाही."

तिने मुकुटातल्या तीन पाकळ्या काढून मंजीच्या तळहातावर ठेवल्या. त्या उन्हात लुकलुकत होत्या.

"एका पाकळीला एक मागणं. पण माझे नियम आहेत हं. जे कुणापाशीच उरलेलं नाही, ते मला देता येत नाही. मी नवीन काही बनवत नाही, उरलेलं आणून देते. आणि तू जे मागशील ते आधी दुसऱ्याच्या मुखी जायला हवं. तुझा वाटा शेवटी. कळलं?"

मंजीने नियम ऐकले की नाही, कोण जाणे. तिच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"आई."

"मंजी, अगं..."

"आई दे. मला दुसरा काय पण नको. आई दे."

एक पाकळी काळी पडली आणि वाऱ्यावर उडून गेली. परी फुलावरून उतरली, मंजीच्या अंगठ्याशी आली आणि तिचा अंगठा आपल्या दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. परीचा अश्रू मोहरीएवढा असतो.

"ते मला जमत नाही गं," ती म्हणाली. "कुठल्याच परीला जमत नाही."

मंजी खूप रडली. पठारावर ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडली. घरी तिला तसं रडता यायचं नाही, बाबा ऐकतील म्हणून. रडून झाल्यावर तिने ओढणीने तोंड पुसलं.

"मग उरलं काय तिचं?" तिने विचारलं.

"चव उरलीय," परी म्हणाली. "तिच्या हाताची चव तुझ्या जिभेवर आहे. बाबांच्या जिभेवर आहे, पारूकाकीच्या आहे. तिचं जेवलेल्या सगळ्यांकडे आहे."

मंजीला ठकूच्या मिटलेल्या ओठांची आठवण झाली. ठकू तर आईचं जेवलीच नव्हती. तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"तर मग आईच्या हातची खीर दे," ती म्हणाली. "द्रोणभर."

दुसरी पाकळी विरघळली, आणि मंजीच्या हातात गरम द्रोण आला. हळदीच्या पानाचा वास आला आणि मंजीच्या पोटात श्रावणापासून पहिल्यांदा भूक उठली. पण नियम म्हणजे नियम. द्रोण ओंजळीत धरून ती डोंगर उतरली. गवताचा भारा वरच राहिला. बुंदी त्यावरून दोन दिवस रुसली, तो भाग वेगळा.

घरी येऊन तिने बोटावर खीर घेतली आणि ठकूच्या ओठांना लावली. ठकूने सवयीप्रमाणे तोंड फिरवलं. मग थांबली. जिभेचं टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. तिच्या मुठी उघडल्या. पुढचं बोट तर तिने दोन्ही हातांनी धरूनच ठेवलं! बोटामागून बोट, बोटामागून बोट, ठकू खात होती आणि मंजी मनात म्हणत होती, शेवटचं बोट माझं.

शेवटचं बोट उरलं. मंजीने ते तोंडाशी नेलं. इतक्यात दारात बाबा येऊन उभे राहिले. खांद्यावर बांबूंची मोळी तशीच होती. त्यांना वास आला होता.

"मंजे," ते म्हणाले, "ह्यो वास..."

आणि ते उंबऱ्यातच खाली बसले. मंजीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपल्या बोटाकडे पाहिलं. मग ते बोट तिने बाबांच्या तोंडात घातलं, जसं ठकूच्या घालत होती तसंच. बाबांनी डोळे मिटले. आई गेली त्या दिवशीही न रडलेले बाबा त्या उंबऱ्यात बसून हमसाहमशी रडले. ठकू त्यांच्याकडे टकामका बघत राहिली. आणि मग, रडून झाल्यावर, त्यांनी भाकरी मागितली. पूर्ण खाल्ली. बुंदीला तुकडासुद्धा दिला नाही.

मंजीला आनंद झाला. पण खोटं कशाला सांगू, थोडंसं वाईटही वाटलं. द्रोण रिकामा झाला होता. तरी तिसरी पाकळी होतीच की ओढणीच्या गाठीत! उद्या पुन्हा खीर मागायची, एक बोट पारूकाकीला द्यायचं आणि बाकीची पठारावर बसून आपणच खायची, असं तिने ठरवून टाकलं. असं ठरवलं म्हणून तुम्ही तिला नावं ठेवू नका. तीही लहानच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजीने ठकूसाठी पेज केली. ठकू आ वासून वाट बघत होती. पेजेचं बोट तोंडात गेलं आणि तिचा चेहराच पडला. फुर्र! मग तिने असा टाहो फोडला की पारूकाकी धावत आली. तीच पेज, तोच तांदूळ, पण ठकूला हवी होती ती चव त्यात नव्हती.

मंजी पाकळी घेऊन पठारावर गेली. सोनकीचा तो शेवटचा झुपकाही आता सुकत चालला होता. परी एका उरल्यासुरल्या फुलावर टेकून बसली होती. तिच्या झग्याचा पिवळा रंग फिकट झाला होता.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "सोनकी सुकली की मला जावं लागतं. काय हवं? खीर?"

मंजीने तळहातावरच्या पाकळीकडे पाहिलं. खिरीचा द्रोण किती दिवस पुरेल? आज ठकू खाईल, आणि उद्या?

"आईची चव माझ्या हाताला दे," मंजी म्हणाली. "म्हणजे मी काय पण रांधला तरी ठकू खाईल. रोज खाईल."

परीने मंजीचे तळहात निरखून पाहिले.

"देता येईल," ती म्हणाली. "पण ऐक. मी नवीन बनवत नाही, हे सांगितलंय ना? तुझ्या जिभेवर जी चव आहे, तीच काढून हातात घालावी लागेल. मग तू रांधशील ते सगळ्यांना तुझ्या आईच्या हातचं लागेल. तुला मात्र नाही. तू स्वतःच्या हातचं खाशील तेव्हा नुसता भात लागेल, नुसती पेज लागेल. आईची खीर कशी लागायची, ते तुला आठवणारसुद्धा नाही. बघ हो, पोरी."

"आठवणार पण नाय?"

"नाही."

मंजीने जीभ टाळूला लावली. तिथे कुठेतरी आईची खीर होती. हळदीचं पान, गुळाचा गोडवा, आणि आणखी ते काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. तिला वाटलं, हे दिलं तर आई दुसऱ्यांदा जाईल. ती तशीच उभी राहिली. चतुर आले, गेले. खालून, अगदी खोलातून, ठकूचं रडणं वाऱ्यावर आलं. खरंच आलं की तिला नुसतं वाटलं, ते मला माहीत नाही.

"घे," मंजी म्हणाली आणि डोळे मिटून तिने पाकळी पुढे धरली.

परीने पाकळी घेतली, मंजीच्या ओठांना लावली आणि मग तिच्या दोन्ही तळहातांवरून फिरवली. हात कोमट झाले. मंजीने जीभ पुन्हा टाळूला लावली. तोंडात काहीच नव्हतं. साधी थुंकी.

"गेली," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"हातात आहे," परी म्हणाली. "आणि तुझा वाटा राहिलाय माझ्याकडे. नियमच आहे ना, तुझा वाटा शेवटी. राहिलेला वाटा मी बुडवत नाही, मंजी."

शेवटच्या फुलाची पाकळी गळली. परी उभी राहिली, एकदा शिंकली, हसली, आणि सगळं पठार एका क्षणात पिवळ्या उजेडाने झगमगून गेलं. सुकलेलं प्रत्येक फूल लखलखलं. मंजीने डोळ्यांवर हात घेतला. हात खाली केला तेव्हा तिथे फक्त वाळकं गवत होतं आणि ऊन होतं.

पुनवेच्या सकाळी पारूकाकीने नव्या तांदळाची ओंजळ आणि गुळाचा खडा आणून दिला. मंजीने चूल पेटवली. बाबा घाईघाईने पुढे झाले.

"मंजे, वर्ष व्हायचा हाय. गोड नको शिजवू."

"वर्ष मोठ्यांनी पाळायचा रे, धाकू," पारूकाकी बाबांना म्हणाली. "दुधपित्या पोराच्या भुकेला कसला वर्ष? शिजवू दे तिला."

मंजीने खीर ढवळली, वर हळदीचं पान टाकलं. पहिलं बोट ठकूच्या तोंडात गेलं. ठकूने दोन्ही हातांनी ताईचं बोट पकडलं आणि हसली. दुसरा घास बाबांना दिला. ते चावायचे थांबले, मंजीच्या हातांकडे बघत राहिले आणि उठून बाहेर गेले. परत आले ते लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडू आणि कुरडूचा तुरा घेऊन. त्यांनी सुरेख जुडी बांधली. दाराला नाही बांधली, दाराला यंदा बांधायची नव्हतीच. ती त्यांनी ठकूच्या पाळण्याला बांधली. ठकूने मान वर करून तुऱ्याकडे पाहिलं आणि पाय झाडले.

मग सगळे जेवायला बसले. नवा भात, भोपळ्याची भाजी, काकडीच्या फोडी, उकडलेल्या ओल्या शेंगा आणि खीर. पारूकाकीने डोळे पुसत पुसत तीन वेळा खीर घेतली. बाबा जेवताजेवता काहीतरी गुणगुणले. मंजीनेही द्रोण तोंडाला लावला. तांदूळ लागला, गूळ लागला. आणखी काहीच लागलं नाही. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि आपली खीर मुकाट्याने संपवली.

वर्षं गेली. ठकू वाढली, गुबगुबीत झाली, वाढत वाढत मंजीच्या खांद्याला लागली. आंबेखोलात कुणाचं पोर जेवेनासं झालं की लोक मंजीला बोलावत. ती प्रेमाने रांधून घालायची आणि पोर जेवायचं. सगळे म्हणत, "अगदी आईच्या हातची चव!" मंजी हसायची. तिला वाटायचं, विचारावं एकदा, कशी लागते ती? पण कधी विचारलं नाही.

मग एका नव्याच्या पुनवेला मंजी विहिरीवरून घरी आली तर चूल पेटलेली होती. ठकूचे गाल धुराने लाल झाले होते, कपाळाला राख लागली होती.

"ताई, तू बस," ठकू म्हणाली. "आज मी केलीय. आधी तू खायची."

"आधी बाबांना दे गो. मी मागून घेईन."

"नाय. तू सदाची शेवटी खातेस. आज आधी तू."

तिने खिरीचं बोट मंजीच्या ओठांना लावलं, जसं कुणीतरी फार पूर्वी तिच्या ओठांना लावलं होतं. मंजीने तोंड उघडलं.

हळदीचं पान. गुळाचा गोडवा. आणि ते काहीतरी, ज्याला नाव नव्हतं.

मंजी ठकूच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. "कुणी शिकवली तुला?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच की," ठकू म्हणाली. "रोज तुझ्याच हातचा खाते ना मी?"

डोंगरमाथ्यावर पठार पिवळंजर्द झालं होतं. तिथे कुणीतरी शिंकलं असेल, तर ते या दोघींना ऐकू आलं नाही. त्यांचा द्रोण रिकामा व्हायचा होता.

द्रोण रिकामा झाला, तशी माझी गोष्टही सरली. ज्याचा वाटा राहिला असेल, त्याला तो मिळो.